आबांचं काळं चॉकलेट

आबांची नि माझी ओळख भांडणानं झाली. सरकार शिक्षकांना कधी कोणत्या कामाला जुंपेल याचा नेम नसतो. त्या उन्हाळ्यात मला उस्मानपुऱ्यात घरोघर जाऊन माणसांची माहिती गोळा करायचं काम लागलं होतं. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. एका लोखंडी फाटकाआड बनियनमधले एक उंच म्हातारे गृहस्थ कढीपत्त्याला पाणी घालत उभे होते. मी बाहेरूनच विचारलं, "आजोबा, घरात माणसं किती?"

"आत या, बसा," ते म्हणाले. "एकेकाची वळख करून देतो."

"ओळख नको, आकडा सांगा. मला अजून अख्खी गल्ली करायचीय."

"आकडा नाय सांगनार. जित्या जिवाची मोजदाद करायची नसती."

मी चिडले. सरकारी काम आहे म्हटलं, ते म्हणाले सरकारलाच बोलवा. शेवटी आत एक म्हातारी खाटेवर बसलेली दिसली, तेव्हा मी मनातल्या मनात दोन धरले आणि लिहून मोकळी झाले. ते त्यांनी पाहिलं. "लिव्हलंत ना?" ते म्हणाले. "आता संध्याकाळी हिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवाव्या लागत्याल. तुमचं काय, तुमी निगाल पुढं." पुढं काही महिन्यांनी मला खोली हवी होती, आणि एजंटानं मला नेमकं त्याच फाटकाशी आणून उभं केलं. आबांनी मला लगेच ओळखलं. आत वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस का, मोजनाऱ्या बाई ऱ्हायला आल्यात."

असा हा न मोजणारा माणूस जन्मभर एसटीत कंडक्टर होता, हे मला कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. कन्नड रोडवर त्यांची सगळी नोकरी झाली. तिकिटांचा हिशोब चोख ठेवायचे, पण माणसं मात्र कधी मोजली नाहीत. गाडी थांबली की मागंपुढं एक चक्कर मारायची, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचं आणि बसलेल्यांतून बिनतिकिटाचा अचूक उचलायचा. "सीटा काय मोजायच्या? तोंडं बघायची. कोन चढलं, कोन ऱ्हायलं, समदं तोंडावर असतंय," असं ते सांगत. ही सवय त्यांच्या बापाची. वेरूळच्या डोंगराला त्यांची मेंढरं असायची. बाप संध्याकाळी वाघुरीच्या तोंडाशी, म्हणजे जाळीच्या कुंपणाशी उभा राही आणि आत शिरणाऱ्या एकेका मेंढीचं तोंड बघून कोण मागं राहिलंय ते सांगे. एकदा एका व्यापाऱ्यानं बोट लावून मेंढरं मोजली. त्याच पावसाळ्यात रोग आला आणि निम्मा कळप गेला. तेव्हापासून त्यांच्या घरात जिवंत गोष्टीकडं बोट करून कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही. मी विज्ञान शिकवते. मी त्यांना साथीचे रोग समजावून सांगितले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बी बराबर असंल. पर बोट कामून लावायचं?"

मावशी, म्हणजे त्यांची बायको, मी राहायला गेले तेव्हाच अर्ध्या हरवल्या होत्या. त्या मला कधी जाऊ समजत, कधी शेजारीण. आबांना त्या कधी 'दादा' म्हणत, तर कधी 'अहो, पाव्हनं' म्हणत आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढत. पण घास मात्र त्यांच्याच हातचा घेत. लेक नाशिकला बँकेत होती, ती सुट्टी काढून आली आणि तिनं भरवायला घेतलं तर तोंड घट्ट मिटायच्या. आबा दिवसभर त्यांच्या मागं असत. वेणी घालणं, अंघोळ, लुगडं, पुन्हा पुन्हा विचारलेल्या त्याच प्रश्नाला पुन्हा पुन्हा तेच उत्तर. या सगळ्यात त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. माझ्यावर मात्र नळ उघडा राहिला तरी चढायचा.

चॉकलेट घरात आलं ते एका पेपरच्या पुरवणीमुळं. काळं चॉकलेट खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा मेंदू शाबूत राहतो, असं काहीतरी त्यात आलं होतं. आबा तो कागद घेऊन जिना चढून वर आले. मी वाचला. म्हटलं, "आबा, असेल थोडं खरं, पण यात 'असू शकतं', 'दिसून आलं' असंच आहे सगळं. आणि याच पानावर खाली चॉकलेटची जाहिरात आहे, ती बघा."

"जाहिरात बघितली. म्हनून तर नाव कळलं कोनतं घ्यायचं ते."

दुसऱ्या दिवशी ते क्रांती चौकातल्या दुकानात गेले, मी सोबत होते. सगळ्यात काळं कोणतं ते द्या म्हणाले. दुकानदार म्हणाला, "चचा, ये भोत कडवी है. बच्चों कू नै चलती."

"बच्चों कू कौन बोला? मेरे कू होना."

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ एक वडी. आवडीनं नव्हे. डोळे मिटून, तोंड वाकडं करून, कडुनिंबाचा काढा घ्यावा तसं ते चॉकलेट खायचे आणि वर तांब्याभर पाणी प्यायचे. पाणी पिऊन झालं की मला हाक. मी बाई, म्हणून परीक्षा मी घ्यायची. ते कन्नड रोडचे थांबे म्हणून दाखवणार आणि मी ऐकणार. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, गल्लेबोरगाव, हतनूर, कन्नड. मग उलटे. मग मधलाच एक मी सांगायचा आणि त्याच्या पुढचा त्यांनी. बरोबर आलं की मिशीत हसून म्हणत, "बगा, काम करायलंय."

एकदा मी विचारलं, "आबा, मावशींना का देत नाही त्यातलं? इतकं गुणकारी आहे तर."

त्यांनी वडीचं पाकीट घडी घालून फ्रिजमध्ये ताकाच्या मागं सरकवलं. म्हणाले, "बाई, तिचं गेलं ते गेलं. आता म्या बी गेलो तर तिला कोन हाय?"

एवढं बोलून ते कढीपत्त्याला पाणी घालायला गेले. मला त्यानंतर त्या चॉकलेटवर विनोद करवेना.

त्या वर्षीचा पावसाळा सरत असतानाच एका संध्याकाळी थांबे म्हणताना वेरूळ आलं नाही. खुलताबाद म्हणाले आणि थांबले. मला वाटलं ठसका लागला. मी हळूच म्हटलं, "आबा, तुमचंच गाव." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचा थांबा विचारला नाही. मग ते उठले, फ्रिज उघडला आणि आणखी एक वडी तोंडात टाकली. पुढच्या आठवड्यात एकाच्या जागी दोन वड्या आल्या, मग तीन. पाकीट दोन दिवसांत संपायला लागलं. त्यांचं पोट बिघडलं, झोप उडाली, तरी सकाळी उठून दारात उभे राहून ते थांबे पुटपुटत असत. आता मला परीक्षेला बोलवत नसत.

आणि मग तो रविवार आला. मी वर कपडे वाळत घालत होते, खालून जळका वास आला. आधी वाटलं, कुणी कचरा पेटवलाय. मग खिडकीतून धूर दिसला आणि मी जिना उतरले तो धावतच. दाराला बाहेरून कुलूप. मावशी घराबाहेर निघून जायच्या म्हणून आबा बाहेर जाताना कुलूप लावत. खिडकीतून पाहते तर गॅसवरचं दुधाचं पातेलं काळं पडलेलं, ज्योत चालू, आणि मावशी पदर हाताला गुंडाळून ते पातेलं उतरवायला पुढं झालेल्या. पदराचं टोक ज्योतीवर लोंबत होतं.

"मावशी! हात मागं! मागं व्हा!" मी ओरडले. त्या वळल्या, माझ्याकडं बघून ओळखीचं हसल्या आणि पुन्हा पातेल्याकडं वळल्या. मी वर जाऊन वरवंटा आणला. कुलपावर कितीदा घातला आठवत नाही, कडी निखळली तेव्हा माझ्या बोटांतून रक्त येत होतं. गॅस बंद केला, त्यांना ओढून बाहेर ओट्यावर आणलं. पदर एका कडेला करपला होता, अंगाला काही झालं नव्हतं. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, दूध उतू गेलं. सासू मारंल आता."

तेवढ्यात आबा फाटकातून आत आले. हातात क्रांती चौकातल्या त्या दुकानाची पिशवी. आधी त्यांना तुटलेली कडीच दिसली. "कुलूप कामून तोडलं?" ते कडाडले. मग त्यांना वास आला. ते आत गेले, पातेल्यापाशी उभे राहिले आणि बाहेर येऊन मला विचारलं, "दूध कुनी ठिवलं होतं?"

 त्यांनी उत्तर माझ्या तोंडावर वाचलं. ते मावशींच्या शेजारी ओट्यावर बसले, त्यांचा करपलेला पदर हातात घेऊन. मग म्हणाले, "लेकीला सांगू नका बाई. ती हिला नेऊन टाकील."

मी त्याच दुपारी लेकीला फोन केला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

ती दुसऱ्या दिवशी आली. दमलेली, डोळे सुजलेले. वाईट मुलगी नव्हती ती, उलट गेली काही वर्षं दर दोन-तीन आठवड्यांनी नाशिकहून रात्रीची गाडी पकडून येत होती. तिनं सगळं ठरवूनच आणलं होतं. नाशिकला तिच्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र होतं. आई तिथं, आबा तिच्याकडं, आणि हे घर बंद. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या डोक्यात खोट हाय म्हनतीस ना? मंग दाव डाक्टरला. पास झालो तर आमी दोगं हितंच. तू पुन्ना हा विषय काढायचा नाय."

"आणि नाही झालात तर?"

"मंग तू म्हनशील तसं."

"नक्की?"

"म्या शब्द दिला."

दवाखान्यात गाडी मीच चालवत नेली. सकाळी आबांनी अख्खं पाकीट खाल्लं होतं, दाताच्या कडेला काळं दिसत होतं. मावशींना एकटं ठेवता येत नाही म्हणून त्याही सोबत होत्या. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता, आबांना खुर्ची ओढून दिली. म्हणाला, "आबा, मी तीन शब्द सांगतो. नंतर विचारीन. मीठ, खिडकी, बैल. म्हणून दाखवा."

"मीठ, खिडकी, बैल," आबा ठणठणीत म्हणाले.

मग वार विचारला, महिना विचारला. बरोबर. गाव कोणतं विचारलं तर म्हणाले, "जुनं नाव सांगू का नवं?" डॉक्टर हसला, कोणतंही चालेल म्हणाला. लेकीच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मी मनात एकसारखी म्हणत होते, मीठ, खिडकी, बैल.

मग डॉक्टरनं एक चित्र पुढं ठेवलं. झाडाखाली खेळणारी मुलं. "यात किती मुलं आहेत, मोजून सांगा."

आबा चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एक पोरगी झोक्यावर हाय. एकाच्या हातात पतंग हाय. ह्यो बारका रडायलाय, त्याची भन त्याला घ्यायलीय."

"छान. पण आकडा सांगा."

 मी डॉक्टरला सांगायला गेले की हे कधी मोजत नाहीत, त्यानं नम्रपणे हात वर केला. लेक पुढं वाकली. "आबा, कागद आहे तो. चित्र आहे. यात कुणाचं काही होत नाही. सांगा ना आकडा, तुम्हाला येतो."

आबांनी कोपऱ्यात बसलेल्या मावशींकडं पाहिलं. त्या लुगड्याच्या काठाशी खेळत होत्या. मग डॉक्टरला विचारलं, "मोजलं तर ही माझ्याबरूबर घरी येईल?"

डॉक्टरनं लेकीकडं पाहिलं. आबांनी बोट उचललं.  ते त्यांनी झोक्यावरच्या मुलीवर टेकवलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला कुणीतरी चिमटा काढावा तसा त्यांचा चेहरा होत होता. जन्मात पहिल्यांदा तो माणूस जिवांवर बोट ठेवून मोजत होता. आकडा बरोबर आला. कपाळावर घाम होता.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाला. "आता मघाचे तीन शब्द सांगा."

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "मीठ," ते म्हणाले. मग खूप वेळानं, "बैल."

"अजून एक."

डॉक्टरच्या पाठीमागंच खिडकी होती. उघडी, मोठी, तिच्यातून ऊन सरळ आबांच्या तोंडावर येत होतं. मी जन्मभर कॉपी करणारी पोरं पकडली, पण त्या क्षणी मला ओठ हलवून सांगावंसं वाटलं. मी त्यांच्याकडं डोळे लावून बसले, त्यांनी एकदा तरी माझ्याकडं बघावं म्हणून. त्यांनी बघितलं नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बघता बघता म्हणाले, "झाड?"

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. त्यानं आणखी पुष्कळ विचारलं, आणि जसजसं विचारत गेला तसतसं आबांचं सुटत गेलं. शेवटी त्यानं लेकीला सांगितलं की सुरुवात झालेली आहे, आता यांच्यावर दुसऱ्या कुणाची जबाबदारी टाकू नका. लेकीनं चॉकलेटचं विचारलं. तो म्हणाला, "थोडं खाल्लं तर खाऊ द्या. पण त्यानं हे थांबेल असं मी नाही म्हणणार." आबा तिथंच उभे होते, त्यांनी ते ऐकलं.

बाहेर पार्किंगमध्ये ते माझ्याजवळ आले. "मोजलं म्हनून गेलं, बाई," ते म्हणाले. "तवर तिनी बी शब्द हुते डोक्यात. म्या बोट लावलं आन् गेले." एरवी मी त्यांना स्मरणशक्ती कशी चालते यावर व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी मी फक्त मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

लेक मावशींना गाडीत बसवून आली. "आबा, आपलं ठरलं होतं," ती म्हणाली. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

"व्हय. ठरलं होतं. नापास तर नापास." आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "घर बंद कर, नाय तर कुनाला दे. माझं काय नाय. पर मला तुज्या घरी नगं नेऊस. हिच्यासंगं त्या केंद्रातच टाक."

"आबा, तुम्हाला कशाला तिथं? तुम्ही तर अजून..."

"तिथं रोज सकाळी खाटा मोजत्याल. तिला बी मोजत्याल त्यात. आन् हिनं तोंड मिटलं तर त्या बाया ताट उचलून पुढल्या खाटंला जात्याल. त्यांची चूक नाय, त्यांना किती तोंडं." मग हात जोडले. स्वतःच्या लेकीला. "आमा दोगांला एका जागी ठिव. कुटं बी ठिव."

तिनं आधी त्यांचे हात खाली ओढले. मग गाडीच्या बॉनेटला टेकून ती मोठ्यानं रडली, येणारे-जाणारे बघत होते तरी. केंद्राचा विषय पुन्हा निघाला नाही. महिन्याभरात घर बंद झालं आणि ती दोघांना नाशिकला तिच्याच फ्लॅटमध्ये घेऊन गेली. मी दुसरी खोली बघितली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकला जाऊन आले. आबांनी दार उघडलं, माझ्याकडं नीट पाहिलं, अगदी तोंड बघायचे तसं, आणि अदबीनं विचारलं, "कुनाकडं आलात?" मी नाव सांगितलं, उस्मानपुरा सांगितला. "हां, हां, या की," ते म्हणाले. त्यांना काही आठवलं नव्हतं, मला ते कळलं. मावशी खिडकीजवळ पाट टाकून बसल्या होत्या. आबा त्यांच्यासमोर बसले आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीचे घास भरवू लागले. वाटी संपली, त्यांनी मावशींचं तोंड पुसलं, वाटी आत नेऊन ठेवली.

लेक नि मी बोलत बसलो. तिचे केस बरेच पांढरे झाले होते, पण ती मला आधीपेक्षा शांत वाटली. थोड्या वेळानं आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कावरेबावरे झाले होते. "अगं," ते लेकीला म्हणाले, "हिनं सकाळधरनं काय खाल्लं नाय. तिला घास द्यायचा ऱ्हायला."

मी सांगणार होते की आबा, आत्ताच तर भरवलंत. लेक आधीच उठली होती. तिनं दुसरी वाटी भरली आणि त्यांच्या हातात दिली. ते लगबगीनं गेले, पाटासमोर बसले. मावशींनी तोंड उघडलं.

लेक माझ्या शेजारी येऊन बसली. "मी आता पहिल्या वेळेला अर्धीच वाटी देते, मॅडम," ती म्हणाली. "ते दुसऱ्यांदा येतातच."